सोळाव्या आकड्यापाशी थांबा

खोपोलीत वेबसाठी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे मुख्यतः इथल्या धंद्यांचे आकडे सांभाळणं. बोरघाटातून माल चढवणारे-उतरवणारे ट्रान्सपोर्टवाले, पोलादाच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप, वजनकाटे, गॅस वितरक, मोबाइलची दुकानं, गृहनिर्माण संस्था, अशा लोकांची कामं माझ्याकडे येतात. कोणाला बिलं हवी असतात, कोणाला ग्राहकांची यादी, कोणाला गाडीवार हिशेब. बटण कुठे असावं आणि रंग कोणता, यावर ग्राहक मनापासून बोलतात. दिलेली पूर्ण संख्या संगणकात जशीच्या तशी राहते का, हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही. आणि त्यांनी का विचारावं? ते विचारणं आमचं काम आहे. या कामातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींना ते उपयोगी पडावं, आणि ज्यांचे क्रमांक आमच्या प्रोग्रॅममधून जातात त्यांनाही.

१. मर्यादेचा आकडा पाठ असू द्या

९००७१९९२५४७४०९९१. सोळा आकडी ही संख्या, म्हणजे साधारण नव्वद कोटी गुणिले एक कोटी, जावास्क्रिप्टमधला सर्वांत मोठा ‘सुरक्षित’ पूर्णांक आहे. ब्राउझरमध्ये चालणारं जवळपास सगळं याच भाषेत लिहिलेलं असतं, म्हणून ही मर्यादा वेबवर काम करणाऱ्या प्रत्येकाची आहे.

ती कुठून आली हे समजून घेतलं की विसरत नाही. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचं पहिलं रूप दहा दिवसांत तयार केलं. त्यात संख्यांसाठी एकच प्रकार ठेवला. पूर्णांक वेगळे, दशांश वेगळे असा भेद नाही. हा प्रकार १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकातला ‘डबल’. त्यात एका संख्येला ६४ बिट मिळतात: एक चिन्हासाठी, अकरा घातांकासाठी, बावन्न प्रत्यक्ष अंकांसाठी. पहिला १ हा बिट न लिहिताच गृहीत धरतात, म्हणून अंकांना ५३ बिट मिळाले. दोनचा त्रेपन्नावा घात वजा एक, हीच वरची संख्या.

त्यापुढे संख्या लिहिता येत नाहीत असं नाही. त्या विरळ होत जातात. आपल्या द्रुतगती मार्गावर दर किलोमीटरला दगड आहे; समजा एका ठिकाणापासून पुढे दर दोन किलोमीटरला एक, आणखी पुढे दर चारला, मग दर आठला एक दगड असता, तर मध्ये बंद पडलेल्या गाडीला जवळच्या दगडाचाच आकडा सांगावा लागला असता. संगणक नेमकं तेच करतो. आपण दिलेली संख्या ठेवायला जागा नसेल, तर जवळची ठेवतो. प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, नोंद ‘यशस्वी’ म्हणून दाखवली जाते.

२. ‘मावते’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असं नव्हे

२०१५ च्या जूनमध्ये जावास्क्रिप्टच्या मानकाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात ‘नंबर.इज-सेफ-इंटिजर’ ही तपासणी मिळाली. संख्या द्या, उत्तर हो किंवा नाही. शिकायला येणारी हुशार मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात. ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे नेमका दोनचा त्रेपन्नावा घात, संगणकात तंतोतंत मावतो. मग ही तपासणी त्याला ‘नाही’ का म्हणते?

कारण ९००७१९९२५४७४०९९३ ही शेजारची संख्या मावत नाही, आणि ती येऊन बसते याच्याच जागेवर. ब्राउझरला विचारा, या दोन संख्या समान आहेत का? तो ‘हो’ म्हणतो. आता समोर ...९९२ दिसलं, तर ते मुळात ...९९२ होतं की ...९९३, हे कोणालाच सांगता येत नाही. सुरक्षित असण्याचा अर्थ हा आहे: ही संख्या तंतोतंत मावते, आणि दुसरी कोणतीही पूर्ण संख्या पूर्णांकनाने तिच्या जागी येत नाही. मला या तपासणीची व्याख्या फार आवडते. संख्या मुळात तीच होती अशी खात्री देता येते का, हे ती पाहते. क्रमांक ज्या माणसाचा आहे, त्याला हीच खात्री हवी असते.

३. घरातले क्रमांक एकदा मोजून काढा

कुठलंही नवं काम घेतलं की पहिल्या दिवशी मी ग्राहकाकडचे सगळे क्रमांक कागदावर लिहून त्यांचे आकडे मोजते. त्यातून आश्वासक आणि धोकादायक दोन्ही गोष्टी दिसतात.

मोबाइल क्रमांक दहा आकडी. रेल्वेचा पीएनआर दहा. आधार बारा, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन बारा, महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा, ट्रान्सपोर्टवाल्यांचं ई-वे बिल बारा. मोबाइल संचाचा आयएमईआय पंधरा. इथवर सगळं मर्यादेच्या आत आहे. बँक खात्यांची तऱ्हा निराळी. स्टेट बँकेचा आणि बँक ऑफ महाराष्ट्रचा खातेक्रमांक अकरा आकडी, बँक ऑफ इंडियाचा पंधरा, पंजाब नॅशनल बँकेचा सोळा. काही खातेक्रमांक शून्याने सुरू होतात, आणि संख्या म्हणून साठवलं की पुढचं शून्य जातं. महावितरणच्या काही ग्राहक क्रमांकांचंही तसंच.

डेबिट कार्डावरचे सोळा आकडे विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. नेहमी हाती येणारी कार्डं ४, ५ किंवा ६ ने सुरू होतात, म्हणून ती नऊ हजार सातने सुरू होणाऱ्या मर्यादेच्या खाली राहतात. त्यामुळे ‘सोळा आकडे चालतात’ असा अनुभव प्रत्येकाच्या गाठीला असतो. पण सोळा आकडी संख्या ९००७ च्या पुढे गेली की ती सुरक्षित नाही, आणि शून्याने सुरू न होणारी सतरा आकडी एकही संख्या सुरक्षित नाही.

सतरा आकडी क्रमांक दुर्मीळ नसतात. घरगुती गॅसचा एलपीजी आयडी सतरा आकडी आहे. सिमकार्डावर छापलेला क्रमांक एकोणीस किंवा वीस आकडी असतो. तो ८९ ने सुरू होतो आणि त्यापुढे आपल्या देशाचा ९१. म्हणजे स्वयंपाकघर आणि खिसा, दोन्ही ठिकाणी मर्यादा ओलांडणारा क्रमांक आहे. खालापूरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरून वाचला जाणारा फास्टॅगचा संकेत तर ९६ बिटांचा. तो चोवीस चिन्हांत, आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं मिसळून लिहितात. ‘यात अक्षरं आहेत, म्हणून कोणी संख्या समजणार नाही’ असं वाटेल. पण अशाच दुसऱ्या एखाद्या संकेतात योगायोगाने, आकड्यांमध्ये शेवटाजवळ, एकटं ‘ई’ हेच अक्षर आलं, तर त्याला स्प्रेडशीट दहाच्या घाताची संख्या समजतं आणि मूळ संकेत पुसून टाकतं.

४. गॅसच्या यादीने शिकवलेलं

एका गॅस वितरकाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधीच्या कोणीतरी तयार केलेल्या दोन याद्या सोबत आल्या. एक स्प्रेडशीटमध्ये, दुसरी त्यांच्या जुन्या वेब प्रोग्रॅममधून काढलेली. वितरकाचा कर्मचारी सांगत होता, की ग्राहक शोधताना कधी भलतंच नाव येतं, कधी दोघांचा क्रमांक एकच दिसतो.

पहिल्या यादीतला दोष डोळ्यांना दिसत होता. प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी दोन शून्यं. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा आकडेच सांभाळतं, पुढच्यांच्या जागी शून्य घालतं. सतरा आकडी क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचे दोन गेले. ज्यांचे पहिले पंधरा आकडे सारखे असतील, असे शंभर क्रमांक एकाच क्रमांकात जमा होतात.

दुसरी यादी वरवर ठीक वाटत होती. शेवटचे आकडे वेगवेगळे होते: ४, ८, ०, ६, २. मी ती शेवटच्या आकड्यावर लावून पाहिली आणि उत्तर मिळालं. इतक्या मोठ्या यादीत विषम आकड्याने संपणारा एकही क्रमांक नव्हता. मर्यादेपलीकडे उरतात त्या फक्त सम संख्या, त्यामुळे असा निकाल निघतो. तेव्हापासून कोणतीही जुनी यादी हाती आली की ही परीक्षा मी आधी करते. सतरा-अठरा आकडी क्रमांकांच्या यादीत विषम शेवट सापडला नाही, तर ती यादी एकदा तरी संख्या होऊन आलेली आहे.

नेमकं काय होतं ते एका बनावट संख्येवर दाखवते. तीनवर सोळा शून्यं घ्या. या टप्प्यात दर चार संख्यांपैकी एकच मावते. शेवटचे तीन आकडे ००१ आणि ००२ असलेल्या संख्या ००० होतात. ००३, ००४ आणि ००५ या तिन्ही ००४ होतात. ००६ पासून ०१० पर्यंतच्या पाचही संख्या ००८ च्या जागेवर येतात, आणि ब्राउझर ती जागा पडद्यावर ०१० अशी छापतो, कारण परत वाचल्यावर तीच जागा मिळेल अशी कमीत कमी अंकांची संख्या छापायचा त्याचा नियम आहे. म्हणजे ००८ ही तंतोतंत मावणारी संख्यासुद्धा दिसताना वेगळी दिसते. संख्या पंचाहत्तरवर पंधरा शून्यांच्या आसपास गेली की सोळांतली एकच मावते.

हे पाच म्हणजे पाच कुटुंबं. २०१५ च्या जानेवारीपासून गॅसचं अनुदान थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत देशभर आली, २०१६ च्या मेमध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. आमच्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधल्या कातकरी आणि ठाकूर घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला तो त्यानंतर. त्या घरच्या बाईला पोर्टल उघडून क्रमांक पडताळणं सोपं नाही. तिचं पुस्तक काउंटरवर ठेवलं, आणि पडद्यावर दुसऱ्याचं नाव आलं, तर ‘तुमचंच काहीतरी चुकलंय’ हे तिला ऐकावं लागतं. याचा मला राग येतो. शेवटचा आकडा तिने बरोबर जपलेला असतो. बदलतो तो प्रोग्रॅम.

आणि गेलेला आकडा परत मिळत नाही. पाचांपैकी मूळ कोणता, हे संगणकाला आता ठाऊक नाही, आणि जगातला कोणताही प्रोग्रॅम ते शोधून देऊ शकत नाही. वितरकाच्या कर्मचाऱ्यांनी पुस्तकं मागवून प्रत्येक क्रमांक कागदावरून पुन्हा भरला. तेवढाच उपाय होता.

५. तपासणी दारातच करा

याचा अर्थ असा, की तपासणी किती काटेकोर आहे यापेक्षा ती कुठे बसवली आहे हे महत्त्वाचं. सर्व्हरकडून माहिती येते ती बहुधा जेसन स्वरूपात. ब्राउझर ती वाचतो त्या क्षणीच अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला क्रमांक संख्या होतो. त्यानंतर ‘इज-सेफ-इंटिजर’ला विचारलं तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगेल, आणि पूर्णांकांच्या बाबतीत तिचं ‘नाही’ कधी चुकत नाही. पण नुकसान झाल्याची ती बातमी असते. मूळ आकडा तिच्याकडेही नसतो.

म्हणून क्रमांक पाठवणाऱ्यानेच तो मजकूर म्हणून, अवतरणचिन्हांत पाठवला पाहिजे. मोठमोठ्यांनाही हे करावं लागलं. २०१० साली ट्विटरने आपल्या संदेशांचे क्रमांक ६४ बिटांचे केले, तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये ते बिघडणार हे ओळखून प्रत्येक क्रमांकासोबत त्याचं मजकूर-रूपही पाठवायला सुरुवात केली. जेसनच्या २०१७ च्या मानकात, आरएफसी ८२५९ मध्ये, स्पष्ट लिहिलेलं आहे की सगळीकडे सारखे वाचले जातील असे पूर्णांक याच मर्यादेच्या आतले.

डेटाबेसकडून फसगत होते ती वेगळ्या कारणाने. त्यातला ‘बिगइंट’ कॉलम एकोणीस आकडी ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतची संख्या बिनचूक ठेवतो. तिथे पाहिलं तर क्रमांक बरोबर, पडद्यावर पाहिलं तर चूक, आणि दोष कोणाचा यावर वाद. दोष मधल्या रस्त्याचा. पोस्टग्रेस या डेटाबेससाठीचा, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा प्रचलित ड्रायव्हर असे आकडे मुद्दाम मजकूर म्हणून देतो. नवशिके त्यावर वैतागतात आणि पहिल्याच ओळीत त्याची संख्या करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. तो मजकूर तुमच्या भल्यासाठीच दिलेला आहे.

६. रिकामी चौकट आणि मराठी आकडे

फॉर्ममधल्या चौकटीतून येतो तो नेहमी मजकूरच. ‘इज-सेफ-इंटिजर’ मजकुराला सरळ ‘नाही’ म्हणते, मग आत अगदी ५ असला तरी. ते योग्यच आहे. पण यावर लोक उपाय करतात तो असा, की आधी संख्येत रूपांतर करायचं आणि मग तपासायचं. इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात.

पहिली, रिकाम्या मजकुराचं रूपांतर शून्य होतं. शून्य हा उत्तम सुरक्षित पूर्णांक आहे. ज्याने चौकट भरलीच नाही, त्याची नोंद तपासणी पार करून शून्य या किमतीने जमा होते. वजनकाट्यावर रिकाम्या गाडीच्या वजनाची चौकट अशी शून्याने भरली गेली, तर गाडीचं सगळं वजन मालाचं म्हणून लागतं. ‘1e3’ असं लिहिलं तर एक हजार होतात, तेही बिनतक्रार.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. मोबाइलवर मराठी कळफलक असेल तर माणसं सहज ९८ असं देवनागरीत लिहितात. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे संख्या म्हणून समजत नाहीत. रूपांतराचं उत्तर ‘संख्या नाही’ असं येतं. आकडा ओळखायचा तिचा ठरलेला साचाही फक्त इंग्रजी आकडेच ओळखतो. आणि तोच ब्राउझर, मराठी-भारत अशी मांडणी मागितली की संख्या देवनागरीत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह छापून देतो. म्हणजे त्याने स्वतः छापलेलं त्यालाच परत वाचता येत नाही. ‘कृपया योग्य क्रमांक टाका’ असा संदेश दाखवून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला परत पाठवणं मला मान्य नाही. दहा आकडे आहेत, दहांचं रूपांतर करायला चार ओळी पुरतात. त्या ओळी माझ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असतात. क्रम असा: देवनागरी आकडे बदला, आजूबाजूच्या आणि मधल्या मोकळ्या जागा काढा, उरलेलं सगळं आकडेच आहेत आणि अपेक्षित तेवढेच आहेत हे मजकूर म्हणून पाहा. क्रमांक असेल तर इथेच थांबा. बेरीज-वजाबाकी करायची असेल तरच संख्येत बदला आणि मग सुरक्षित आहे का ते विचारा.

७. हिशेबात प्रत्येक पायरी तपासा

पैशांचा हिशेब मी रुपयांच्या दशांशात ठेवत नाही, पैशांच्या पूर्णांकात ठेवते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ होत नाही हे प्रसिद्धच आहे. पैशांत मोजलं तरी मर्यादा सुमारे नव्वद लाख कोटी रुपयांची पडते. खोपोलीतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला ती कधी आडवी येणार नाही. पोलादाचं वजन टनांच्या दशांशात न ठेवता किलोत ठेवलं तर तेही तसंच.

आडवा येतो तो गुणाकार, आणि त्याहून जास्त त्यानंतर काढलेली बाकी. दोन नऊ आकडी संख्या, दोन्ही सुरक्षित. त्यांचा गुणाकार सतरा-अठरा आकडी, तिथे शेवटचे आकडे गेले. मग त्या गुणाकाराला ९७ ने भागून बाकी काढली, तर उत्तर शंभराच्या आत येतं. शेवटच्या उत्तरावर तपासणी लावली की ती म्हणते, सुरक्षित. संख्या लहान आहे, पूर्ण आहे, तपासणीच्या दृष्टीने काहीच वावगं नाही, आणि तरी उत्तर चुकीचं आहे. क्रमांकांचे तपास-अंक काढणाऱ्या कोडमध्ये हा प्रकार नेहमी भेटतो. सुदैवाने उपाय खात्रीचा आहे. सुरक्षित पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार केल्याबरोबर त्या मधल्या उत्तराला विचारा. मधलं उत्तर सुरक्षित निघालं तर ते बिनचूक आहेच, यात शंका ठेवायचं कारण नाही.

८. बिगइंट वापरा, पण कशासाठी ते ठरवून

२०२० च्या आवृत्तीत जावास्क्रिप्टला स्वतःचा, डेटाबेसातल्या कॉलमहून वेगळा बिगइंट मिळाला. त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो. मोठ्या गुणाकारांसाठी मी तो वापरते. साध्या संख्येशी तो मिसळता येत नाही, जेसनमध्ये घालायला गेलं तर त्रुटी येते, पण निदान ती दिसते तरी. क्रमांक साठवायला मात्र तो नको. पुढचं शून्य तोही खातो. ज्या आकड्यांची कधी बेरीज करणार नाही, ते मजकूर म्हणून ठेवावेत.

९. बत्तीस बिटांची जुनी पायरी

सोळा आकड्यांच्या कितीतरी आधी एक मर्यादा आहे: २१४७४८३६४७. पूर्णांक मिळवायला काही जण संख्येला ‘ऑर शून्य’ करतात. ती क्रिया संख्येला बत्तीस बिटांत कोंबते. आपले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, त्यामुळे भारतातला एकही मोबाइल क्रमांक त्यात मावत नाही. चिन्ह नसलेल्या बत्तीस बिटांची मर्यादा ४२९४९६७२९५, तिथेही नाही. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या व्ह्यूजच्या संख्येने यूट्यूबला यातल्या पहिल्या, २१४७४८३६४७ या आकड्यापाशी गाठलं. १९९६ च्या जूनमध्ये एरियन ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला, कारण ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घातली गेली आणि ती मावली नाही.

१०. गोल आकड्यांनी चाचणी घेऊ नका

चाचणीसाठी क्रमांक हवा असला की हात आपोआप एकावर शून्यं दाबत जातो. नेमका तोच क्रमांक मर्यादेपलीकडेही शाबूत राहतो. तीनवर सोळा शून्यं संगणकात तंतोतंत मावतात, हे वर आलंच. अशा चाचणीतून प्रोग्रॅम निर्दोष म्हणून बाहेर पडतो आणि पहिल्या खऱ्या ग्राहकापाशी बिघडतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एक ठरलेली यादी देते. जास्तीत जास्त लांबीचा क्रमांक, ९ ने संपणारा. त्याच्याच शेजारचे दोन, म्हणजे तिघं वेगवेगळे राहतात का ते दिसेल. शून्याने सुरू होणारा एक. देवनागरीत लिहिलेला एक. मध्ये मोकळी जागा सोडलेला एक, कारण कार्डांवर आकडे चार-चारच्या गटात छापलेले असतात. आणि एक रिकामी चौकट. हे क्रमांक फॉर्ममधून भरायचे, डेटाबेसात पाहायचे, पडद्यावर परत आणायचे, एक्सेलमध्ये उतरवायचे, तिथून पुन्हा वर चढवायचे. प्रत्येक मुक्कामावर शेवटचे चार आकडे कागदाशी जुळवायचे. कंटाळवाणं काम आहे हे खरं. पण ज्या मुलीने ते एकदा मन लावून केलं, तिच्या कोडमध्ये पुढे असा दोष मला आढळलेला नाही.

११. काउंटरवरच्या माणसाला सामील करून घ्या

वितरकाच्या प्रोग्रॅममध्ये आता क्रमांक शोधला की नावाशेजारी शेवटचे चार आकडे ठळक दिसतात, आणि पावती छापण्याआधी ते ग्राहकाच्या पुस्तकाशी जुळले असं काउंटरवरचा माणूस बटण दाबून सांगतो. सुरुवातीला त्याला ते जास्तीचं काम वाटलं. गर्दीच्या वेळी चार आकडे वाचायचे म्हणजे रांग थांबते, असं तो म्हणायचा. आता तोच नव्या मुलाला बजावतो, की नाव वाचायच्या आधी शेवटचे चार वाच. कोडमधली तपासणी मी लिहिते, पण कागद फक्त त्याच्यासमोर असतो, हे मला त्याच्याकडून कळलं.

वाचकांना एक विनंती. घरातलं गॅसचं पुस्तक काढा आणि त्यावरचा सतरा आकडी क्रमांक पोर्टलवर किंवा वितरकाकडच्या पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून पाहा. जुळला नाही, शेवटी दोन शून्यं दिसली, किंवा क्रमांकाच्या जागी दहाचा घात दिसला, तर वितरकाला पुस्तकाची छायाप्रत जोडून लेखी कळवा आणि पोच घ्या. शेजारच्या आजीचं पुस्तकही त्याच वेळी पाहून द्या.